इटलीत रेस्टॉरंट शोधत बसू नका, गावच्या साग्राला जा (मार्रादीच्या चेस्टनट साग्राचा रिव्ह्यू)

पाच वर्षं झाली आम्हाला फ्लोरेन्सला राहून आणि भारतातून कोणी येणार असलं की पहिला मेसेज ठरलेला असतो, अगं एखादं चांगलं रेस्टॉरंट सांग ना, एकदम ऑथेंटिक पाहिजे. मी आता उलट विचारते की कुठल्या महिन्यात येताय ते आधी सांगा. कारण महिना कळला की त्या आठवड्यात आसपासच्या कुठल्या गावात कशाची साग्रा आहे ते बघता येतं, आणि माझं अगदी मनापासून मत आहे की इटलीचं खरं जेवण साग्रात मिळतं, लाकडी बाकावर बसून, कागदाच्या मॅटवर, शेजारी अनोळखी माणसं आणि समोर गावातल्या कोणाच्या तरी आजीने सकाळपासून लाटलेला पास्ता.

साग्रा म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर गावची जत्राच, फक्त ती बहुतेक वेळा एका पदार्थाच्या किंवा एका पिकाच्या नावाने भरते. कुठे चेस्टनटची, कुठे स्ट्रॉबेरीची, कुठे द्राक्षांची, कुठे तळलेल्या माशांची, कुठे रानडुकराची. शब्द मूळचा लॅटिन, पवित्र या अर्थाचा. पूर्वी चर्चची प्रतिष्ठापना झाली त्या दिवशी किंवा गावच्या संताच्या दिवशी सण असायचा, आणि सण म्हटला की जेवण आलंच, हळूहळू त्या जेवणाचंच नाव सणाला पडलं. आपल्याकडे ग्रामदैवताची यात्रा आणि गावजेवण एकत्र असतं तसंच आहे हे, म्हणून मला वाटतं आपल्या लोकांना साग्रा समजावून सांगावी लागत नाही, पाच मिनिटं तिथे उभं राहिलं की कळतं.

आणि चालवतं कोण, तर गावचं मंडळ. त्याला प्रो लोको म्हणतात. सगळे गावातले लोक, पगार कोणाला नाही, आणि उरलेला पैसा बहुतेक ठिकाणी गावातच लागतो, कुठे मुलांचं मैदान, कुठे जुन्या चर्चची दुरुस्ती, कुठे पुढच्या वर्षीचा खर्च. पहिलं प्रो लोको उत्तरेकडे पिएवे तेझीनो नावाच्या गावात १८८१ साली झालं आणि १९६२ पासून सगळ्यांची मिळून राष्ट्रीय संघटना पण आहे, आज देशभर अशी सहा हजारांहून जास्त मंडळं आहेत. ज्यांनी गणपती मंडळात वर्गणी, मांडव, महाप्रसाद हे सगळं केलंय त्यांना हे कार्यकर्ते बघितल्यावर घरच्यासारखं वाटेल, टी-शर्ट पण सगळ्यांचे सारखे असतात!

तर आता मार्रादी. मागच्या ऑक्टोबरात आई साताऱ्याहून आली होती, ती पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं पण आवडीने नाही, त्यामुळे मी मुद्दाम चेस्टनटची साग्रा निवडली. मार्रादी हे गाव फ्लोरेन्स जिल्ह्यातच येतं पण आहे अपेनाईन डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, लामोने नदीच्या काठी, म्हणजे कागदावर तोस्काना (फ्लोरेन्सचा प्रांत, टस्कनी) आणि बोलण्याखाण्यात अर्धं रोमान्या, म्हणजे डोंगरापलीकडचा शेजारचा भाग. ऑक्टोबरच्या रविवारी तिथे साग्रा असते. फ्लोरेन्सहून फाएन्झाला जाणारी छोटी लाईन आहे, १८९३ मध्ये पूर्ण झालेली, तास-सव्वा तास लागतो, शेवटी एक लांब बोगदा येतो आणि बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना नुसती चेस्टनटची झाडं, पानं पिवळी पडत आलेली. आई खिडकीतून हललीच नाही. एक मात्र लक्षात ठेवा, ही डोंगरातली लाईन आहे, २०२३ च्या मे मध्ये पूर आणि दरडी आल्या तेव्हा ती बंद पडली होती, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी ट्रेन चालू आहे का त्याऐवजी बस लावलीय हे नक्की बघा. काही रविवारी जुन्या वाफेच्या इंजिनाची खास गाडी पण येते, आम्ही गेलो त्या दिवशी आली होती आणि आमची लेक अजून चेस्टनटपेक्षा त्या शिट्टीबद्दल जास्त बोलते.

गावात शिरलं की आधी वास येतो. लाकडाचा धूर आणि त्यात भाजलेल्या सालीचा कडवट गोड वास, आपल्याकडे मक्याचं कणीस किंवा शेंगा भाजताना येतो त्याच जातीचा पण जरा जड. चौकात लोखंडी जाळीचे मोठे ड्रम आगीवर फिरवत होते. एक आजोबा होते, सत्तरी ओलांडलेली असणार, हात कोपरापर्यंत काजळीने काळे. ते भाजलेले चेस्टनट ड्रममधून सरळ गोणपाटात ओतायचे, गोणपाट गुंडाळायचे आणि दोन्ही तळव्यांनी वरून दाबायचे, कणीक मळतात तसं. आतून साली तडकल्याचा आवाज यायचा. मग पाच मिनिटं तसंच झाकून ठेवायचं, म्हणजे वाफेने आतली साल सुटते. आई तिथेच उभी राहून बघत होती तर त्यांनी एक सोलून तिच्या हातावर ठेवला आणि विचारलं, बुओना? आईने एकही इटालियन शब्द येत नसताना मराठीतच सांगितलं, छान आहे हो, आणि त्यांना कळलं पण.

त्यांनीच मला मार्रोने आणि साधा चेस्टनट यातला फरक दाखवला. साध्या चेस्टनटची आतली पातळ साल गरात घुसलेली असते, ती काढता काढता नखं दुखतात. मार्रोने ही कलम केलेली जात, दाणा मोठा आणि ती आतली साल गरात शिरत नाही, एका ओढीत अख्खी निघून येते. या भागातल्या मार्रोनेला मुजेल्लोचा मार्रोने म्हणून १९९६ मध्ये युरोपचं भौगोलिक नामांकन पण मिळालंय, आपल्याकडे हापूसला जीआय आहे तसं. आणि गावासाठी हे फक्त खाऊ नाही हो. या डोंगरात गहू नीट पिकत नव्हता तेव्हा पिढ्यान् पिढ्या लोक चेस्टनटच्या पिठावर जगले, या झाडाला ते भाकरीचं झाड म्हणतात, युद्धाच्या काळात पण त्यानेच तारलं. २००२ मध्ये इटलीत एक बारीकशी चिनी माशी सापडली, ती कळ्यांमध्ये अंडी घालते आणि तिथे गाठी येतात, फळच धरत नाही, त्यात या भागाची पण काही वर्षं फार वाईट गेली. मग त्या माशीवर जगणारा दुसरा छोटा कीटक आणून सोडला तेव्हा झाडं सावरली. हे वाचून माहीत होतं पण त्या आजोबांनी एका वर्षी गोणी रिकाम्या राहिल्या म्हणून सांगितलं तेव्हा हातातल्या पुडीकडे मी वेगळ्या नजरेने बघितलं.

आता खाण्याचं बोलते. भाजलेले चेस्टनट एक नंबर, यात काही बोलायलाच नको, गरम असतानाच खा, गार झाले की पिठूळ लागतात आणि घशात बसतात. चेस्टनट भरलेल्या तोर्तेल्ली, म्हणजे सारण भरलेला पास्ता, खाल्ल्या, सारण किंचित गोडसर, वरून बटर, आई म्हणाली पुरणाच्या करंजीला मीठ घातल्यासारखं लागतंय पण प्लेट संपवली. चेस्टनटचा तोर्ता म्हणजे केक म्हणा, पण केकसारखा फुगलेला नाही, घट्ट खरवसासारखा, कापाकापाने मिळतो, त्यात अंडं असतं आणि काही घरांमध्ये लिकर पण घालतात तेव्हा विचारून घ्या. मला तो प्रचंड आवडला, दोनदा घेतला.

आणि कास्तान्याच्चो. याच्याबद्दल आधीच सावध करते कारण बहुतेक भारतीय मंडळी केक समजून घेतात आणि तोंड वाकडं करतात. यात साखर नाही, अंडं नाही, दूध नाही. फक्त चेस्टनटचं पीठ, पाणी, ऑलिव्ह ऑईल, मनुका, पाइन नट आणि वर रोझमेरीची पानं, पातळ थापून ओव्हनमध्ये भाजतात, वरचा थर दुष्काळातल्या जमिनीसारखा तडकलेला असतो. गोडी येते ती पिठाचीच. पहिल्या घासाला आई म्हणाली, अगं यात साखर टाकायला विसरलेत का? तिसऱ्या घासाला म्हणाली, हे तर शिंगाड्याच्या पिठाच्या वडीसारखं आहे की. आणि खरंच तसंच आहे, मला पाच वर्षांत हे सुचलं नव्हतं, तोच मातकट गोडवा, तोच जिभेला चिकटणारा पोत. रोझमेरी मात्र तिने एकेक वेचून बाजूला काढली.

शाकाहारी लोकांसाठी महत्त्वाचं, हे नीट वाचा. साग्रामध्ये भाजीचं दिसतंय म्हणजे शाकाहारी असेलच असं नाही. डुकराची चरबी, तिला स्त्रुत्तो म्हणतात, ती पियादीना नावाच्या पोळीत पारंपरिक पद्धतीने असतेच, आणि तळणीत किंवा काही ब्रेडमध्ये पण असू शकते. मार्रादी रोमान्याला लागून असल्यामुळे तिथे पियादीना सगळीकडे दिसते आणि ती हुबेहूब आपल्या पोळीसारखी दिसते, आईने हात पुढे केलाच होता. काउंटरवर सरळ विचारायचं, चे स्त्रुत्तो? म्हणजे यात चरबी आहे का. कोणी रागावत नाही, उलट आत स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतात, ऑलिव्ह ऑईलची असेल तर तशी सांगतात. चीजमध्ये पण पार्मेझान वासराच्या रेनेटने, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने करतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी वरून चीज नको म्हणून सांगा.

साग्रात जेवायची पद्धत पहिल्यांदा गोंधळाची वाटते म्हणून सांगते. टेबलावर बसून वेटरची वाट बघत बसलात तर रात्र होईल. बऱ्याच ठिकाणी आधी एक छापील कागद आणि पेन्सिल घ्यायची, त्यावर पदार्थांपुढे आकडे लिहायचे, मग कासा म्हणजे काउंटरच्या रांगेत उभं राहून पैसे भरायचे, नंबर मिळतो, मग जागा धरायची आणि गावातली पोरं ताटं घेऊन येतात. पोरं म्हणजे खरंच पोरं, बारा-तेरा वर्षांची. मुजेल्लोमध्ये एका उन्हाळी साग्रात आमच्या टेबलाला एक मुलगा होता, ट्रे त्याच्या छातीइतका मोठा, एकदा चुकून शेजारच्यांचं ताट आमच्याकडे ठेवलं आणि परत येऊन इतका लाल झाला की शेजारच्या काकांनी उठून स्वतःच ताटं बदलून घेतली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याची आजी आत पास्ता लाटत होती, आई कॅशवर होती, आणि वडील बहुतेक ग्रिलपाशी, हे सगळं त्या काकांनीच सांगितलं.

त्या उन्हाळी साग्राबद्दल पण लिहायलाच पाहिजे कारण तोर्तेल्ली दी पाताते हा मुजेल्लो भागाचा खास पदार्थ आहे. पातळ पास्त्याच्या चौकोनात उकडलेल्या बटाट्याचं सारण, लसूण आणि पार्सली घातलेलं, म्हणजे आपल्या जिभेला एकदम ओळखीचं. वरचा सॉस शक्यतो मटणामांसाचा असतो पण बहुतेक ठिकाणी मशरूमचा किंवा बटर आणि सेजचा पण मिळतो. जून ते ऑगस्ट या भागातल्या गावागावांत याच्या साग्रा असतात. रात्री जेवण झालं की बाजूला लाकडी फ्लोअरवर अकॉर्डियन सुरू होतं आणि सत्तर-पंच्याहत्तरीची जोडपी काय सुंदर नाचतात, त्याला लिशो म्हणतात. पास्ताची प्लेट साधारण ८ ते १० युरोला, फ्लोरेन्सच्या मुख्य चौकात याच्या दीडपट-दुप्पट देऊन याच्या निम्मी चव मिळत नाही.

सगळंच गोड गोड लिहिणार नाही. एक वाईट अनुभव पण आहे, जागेचं नाव घेत नाही. शहराबाहेर एका मोठ्या मैदानात माशांची साग्रा म्हणून बोर्ड लावलेला होता, समुद्र तिथून दोन तासांवर. गेलो तर पन्नास पदार्थांचा मेन्यू, त्यात बर्गर पण आहे, सुशी पण आहे, मागे फ्रोजनची खोकी उघड्यावर पडलेली आणि कामाला सगळी भाड्याची माणसं. तळलेले स्क्विड रबरासारखे, आणि पार्किंगचे वेगळे पैसे. असल्या खोट्या साग्रांवर इथले हॉटेलवाले पण चिडलेले असतात आणि मला त्यांचं बरोबर वाटतं, साग्राचं नाव घेऊन नुसता धंदा करायचा हा गावातल्या खऱ्या लोकांवर पण अन्याय आहे. प्रो लोकोंच्या राष्ट्रीय संघटनेने आता खऱ्या साग्रांना दर्जाचा शिक्का द्यायला सुरुवात केलीय ते फार चांगलं झालं.

खरी ओळखायची कशी, तर मी तीन गोष्टी बघते. पोस्टरवर खाली प्रो लोको किंवा गावच्या एखाद्या संस्थेचं नाव आहे का. मेन्यू छोटा आहे का आणि मुख्य पदार्थ त्याच गावात, त्याच मोसमात पिकतो का, म्हणजे जुलैमध्ये चेस्टनटची साग्रा दिसली तर वळून घरी या. आणि काम करणारे एकमेकांना नावाने हाका मारतायत का, ही माझी सगळ्यात भरवशाची खूण आहे. गैरसोयी खऱ्या साग्रात पण असतात, रांग तास-तासभर असू शकते, टॉयलेट कमी, कार्ड दरवेळी चालतंच असं नाही म्हणून रोख ठेवा, आणि आवडता पदार्थ नऊ-साडेनऊला संपलेला असू शकतो. सात वाजता उघडत असेल तर साडेसहाला पोचा.

गावाच्या जीवनात साग्राला काय जागा आहे हे मला आमात्रीचेवरून कळलं. आमात्रीचाना पास्ता त्या गावाच्या नावाचा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या साग्राचं पन्नासावं वर्ष होतं, शनिवार-रविवारची सगळी तयारी झालेली, आणि २४ तारखेला पहाटे ३:३६ ला भूकंप झाला. त्या पूर्ण भागात जवळपास ३०० माणसं गेली, त्यातली बहुतेक आमात्रीचेमधली. नंतर देशभरातल्या हॉटेलांनी आमात्रीचानाच्या प्रत्येक प्लेटमागे २ युरो तिथल्या मदतीसाठी बाजूला काढले. आमच्या शेजारच्या आजी अजून ऑगस्टच्या शेवटी तो पास्ता घरी करतात आणि आम्हाला बोलावतात, माझ्यासाठी डुकराचं मांस न घालता वेगळं भांडं ठेवतात.

बाकी महिन्यांचं पटकन सांगते कारण हे सगळे विचारतातच. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लिगुरियात कामोल्यीला मासे तळतात, १९५२ पासून, साधारण चार मीटरच्या कढईत, मासे खाणाऱ्या कोकणी माणसाने ही चुकवू नये. जूनच्या सुरुवातीला रोमजवळ नेमीला रानस्ट्रॉबेरीची, दाणा बोराएवढा पण वास असा की महाबळेश्वरची आठवण येते, गाव तलावाच्या वर कड्यावर आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या फ्लोरेन्सजवळ इम्प्रुनेताला द्राक्षांची, १९२६ पासूनची, चार वाड्या आपापले रथ काढतात आणि त्यांच्यातली चुरस बघण्यासारखी असते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी रोमजवळ मारीनोला, १९२५ पासून, तिथे चौकातल्या कारंज्यातून चक्क वाईन वाहते. नोव्हेंबरात सान मिनियातोला पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या वासाच्या अळंबीचा बाजार, १९५४ मध्ये त्या बाजूला अडीच किलोचा ट्रफल सापडला होता आणि तो अमेरिकेच्या अध्यक्ष आयझेनहॉवरना भेट पाठवला होता. तो बाजार महाग आहे, एका प्लेटवर थोडासा किसून घ्यायचा आणि वास साठवून यायचं.

मार्रादीहून निघताना आईला चेस्टनटचं पीठ घ्यायचं होतं, एकादशीला करून बघते म्हणाली. स्टॉलवर पिशव्या मांडलेल्या होत्या. तिथल्या बाई पैसे घेता घेता थांबल्या आणि म्हणाल्या, हे मागच्या वर्षीचं आहे हं, यंदाचे चेस्टनट अजून वाळायचेत, महिना-सव्वा महिना मंद धुरावर ठेवावे लागतात, नवीन पीठ हवं असेल तर डिसेंबरात घ्या. विकायला बसलेली बाई स्वतःहून सांगते की हे नका घेऊ. आम्ही तरी अर्धा किलो घेतलंच, त्यांनी फ्रीजरमध्ये ठेवा म्हणून बजावलं. डिसेंबरात एक ओळखीचे पुण्याला जात होते त्यांच्याबरोबर नवीन पीठ पाठवलं, आणि एकादशीला सकाळी आईचा फोटो आला, तव्यावर थालीपीठ, कडेने तूप, आणि खाली मेसेज की जिरं-मिरची घातली तरी गोडच लागतंय, पुढच्या वेळी नुसत्या मिठाचं करते.